तायडेच्या पेनाची स्प्रिंग

माझी शेवटून दुसरी पोस्टिंग उत्तरेतल्या एका पासखाली, म्हणजे खिंडीखाली होती. जागेचं नाव लिहीत नाही, त्यानं काही फरकही पडत नाही. उंची एवढी की नवीन आलेला माणूस बुटाची लेस बांधतानाच दमायचा. मी हवालदार, ट्रेड व्हेइकल मेकॅनिक. नोकरीला अठरा वर्षं झाली होती. रायफल मी फक्त रेंजवर चालवली. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत पंधरा ऑगस्टला मला बोलवतात, हातात माइक देतात आणि म्हणतात, परबसाहेब, लढाईचं काहीतरी सांगा. माझ्याकडे लढाई नाही. माझ्याकडे डिझेल आहे, आणि माझ्या दोन मिनिटांत गेलेला एक माणूस आहे. ते मी माइकवर कधी बोललो नाही. आता त्याच्या वडिलांना सांगून झालंय, म्हणून लिहायला हरकत नाही.

तिथला दिवस ठरलेला. 0500 ला उठायचं. 0530 ला फर्स्ट परेड. ही परेड माणसांची नाही, गाड्यांची. प्रत्येक ड्रायव्हर आपल्या गाडीचं ऑइल, पाणी, टायर, बेल्ट, दिवे तपासतो आणि मेकॅनिक रांगेतून फिरतो. इंजिनाचा आवाज ऐकायचा, धूर बघायचा, पुढच्या गाडीकडे जायचं. बास. यात शौर्य वगैरे काही नाही. थंडीत बोटं पान्याला चिकटायची एवढंच.

ऑफिसच्या दाराशी एक काळा बोर्ड होता. त्यावर रोज खडूनं तीन आकडे लिहायचे. एकूण गाड्या, चालू गाड्या आणि व्हीओआर. व्हीओआर म्हणजे व्हेइकल ऑफ रोड, बंद पडून उभी असलेली गाडी. मी आल्यापासून सात महिने तो तिसरा आकडा शून्य होता. आमच्या प्रमुखांनी, सीओ साहेबांनी, दरबारात म्हणजे युनिटच्या सभेत सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं होतं. तेव्हापासून त्या शून्याचं मला वेड लागलं. स्पेअर पार्ट खालून यायला आठ-दहा दिवस लागायचे, तोवर गाडी उभी ठेवायची तर बोर्डावर एक लिहावं लागणार. मग मी काहीतरी करून गाडी चालती करायचो. तार, टायरची ट्यूब, टूथपेस्टचं झाकण, हाताला लागेल ते. फौजेतला प्रत्येक मेकॅनिक हे करतो, आणि त्याची शेखीही मिरवतो. मीही मिरवली.

युनिटमध्ये मुंबईचे आम्ही दोघंच. मी आणि नायक मिलिंद तायडे. तो ड्रायव्हर, दहिसरचा. आईवडील मूळचे अकोल्याकडचे. मी कोकणातला, वडील गिरणीत होते, वाढलो मुलुंडला. तायडे माझ्याहून सहा वर्षांनी लहान, रँकनंही खाली. सगळ्यांसमोर मला उस्ताद म्हणायचा आणि मराठीत बोलायला लागला की थेट अरे-तुरे. मी त्याला चिडवायचो, दहिसर म्हणजे चेकनाका, पलीकडे पाऊल टाकलं की मुंबई संपली, तू कसला मुंबईकर. तो भडकायचा. म्हणायचा, नाक्याच्या अलीकडे घर आहे माझं, नीट नकाशा बघ, आणि मुलुंडचा नाका काय चर्चगेटला आहे का? हे भांडण दीड वर्ष रोज चाललं. कंटाळा आला नाही.

त्याची गाडी जुनी थ्री-टनर होती, लांब नाकाची, बॉनेटवाली. नवीन गाड्या आल्या होत्या पण त्याला तीच पाहिजे असायची. खिशात तो कायम एक स्टीलचं पेन ठेवायचा, वरचं बटण दाबून चालतं तसं. भरती झाला तेव्हा वडिलांनी दिलेलं. लॉगबुक त्याच पेनानं लिहायचा, दुसऱ्याला हात लावू द्यायचा नाही.

पासपलीकडे सामान नेणाऱ्या कॉन्व्हॉयच्या आदल्या दिवशी 1600 च्या सुमारास तो माझ्याकडे आला. म्हणाला, गाडी चढाला दम टाकतेय, तापली की बंद पडते, थंड झाली की परत चालू.

इंजिनाच्या डिझेल पंपाच्या मागच्या अंगाला एक जाडसर बोल्ट असतो, आतून पोकळ. त्यात एक गोळी आणि एक स्प्रिंग. पंपात आलेलं जादा डिझेल त्या बोल्टातून परत टाकीकडे जातं, पण स्प्रिंग गोळीला दाबून धरते म्हणून पंपात पाहिजे तेवढं प्रेशर राहतं. पुस्तकात त्याला फ्युएल प्रेशर रेग्युलेटर म्हणतात, आम्ही रिटर्न व्हॉल्व्ह म्हणायचो. मी तो खोलला. आतली स्प्रिंग मोडली होती. सगळं डिझेल परत पळत होतं, इंजिनाला मिळत नव्हतं. नवा व्हॉल्व्ह स्टोअरमध्ये नव्हता.

करायला पाहिजे होतं ते सोपं होतं. बोर्डावर एक लिहायचा, तायडेची गाडी उभी ठेवायची आणि सामान बाकीच्या गाड्यांत वाटून टाकायचं. एवढंच. मी त्याच्या खिशाकडे बघितलं.

"पेन दे तुझं," मी म्हणालो.

त्याला लगेच कळलं. आधी नाही म्हणाला, मग हसत दिलं. मी पेन उघडलं, आतली बारीक स्प्रिंग काढली, ओढून थोडी लांब केली आणि व्हॉल्व्हमध्ये बसवली. जुने तांब्याचे वॉशर तापवून लाल करून, गार करून परत लावले. हँड प्रायमर, म्हणजे पंपावरचा छोटा हातपंप मारून डिझेलच्या लाइनमधली हवा काढली. मग नियमाप्रमाणे मेकॅनिक आणि ड्रायव्हर दोघं एकत्र रोड टेस्टला गेलो. कॅम्पच्या सपाट रस्त्यावर सहा किलोमीटर. गाडी झकास चालली. परत आल्यावर लॉगबुकमध्ये मी लिहिलं, रिटर्न व्हॉल्व्ह रेक्टिफाइड, व्हेइकल फिट. खाली ड्रायव्हरची सही पाहिजे. स्प्रिंग नसल्यामुळे त्याच्या पेनाची रिफिल आत जायची. त्यानं बटण अंगठ्यानं दाबून धरलं आणि वाकडीतिकडी सही केली. म्हणाला, परब, मुंबईला गेलो की नवीन पेन तू घेऊन देणार. मी म्हटलं देतो रे बाबा.

संध्याकाळी बोर्डावर मी शून्य लिहिला.

दुसऱ्या दिवशी 0700 ला कॉन्व्हॉय निघाला. बारा गाड्या. पुढे जीपमध्ये कॅप्टन साहेब, शेवटी बंद गाड्या ओढणाऱ्या रिकव्हरी गाडीत मी. रेडिओ सेट तीन. पुढच्या जीपमध्ये, सातव्या गाडीत आणि माझ्याकडे. सातवी गाडी तायडेची.

पासच्या आधी एक चारशे मीटरचा पट्टा आहे. डाव्या हाताला सगळा डोंगर सुटलेला, वरून दगड येतात. पट्ट्याच्या दोन्ही टोकांना संत्री, म्हणजे पहारेकरी, शिट्टी घेऊन उभे असतात. नियम बोर्डावर लिहिलेला आहे आणि प्रत्येक ब्रीफिंगमध्ये वाचून दाखवतात. एका वेळी एकच गाडी. थांबायचं नाही. गाडी बंद पडली तर ड्रायव्हरनं गाडी सोडून चालत बाहेर यायचं. गाडीचं नंतर बघता येतं.

सहा गाड्या पार झाल्या. तायडे आत गेला. 1038 ला रेडिओ वाजला.

"सेवन से अल्फा. गाड़ी बंद. स्टोन एरिया में."

मी वळणावर होतो, तिथून मला गाडी दिसत होती. बरोबर पट्ट्याच्या मध्यावर. कॅप्टन साहेबांचा आवाज आला.

"मेकॅनिक, गाड़ी छोड़ें?"

इथं मी थांबतो आणि खरं काय ते लिहितो. मला प्रश्न ऐकू येताक्षणी कारण कळलं होतं. चढ, इंजिन तापलेलं, पेनाची स्प्रिंग मऊ पडली. आणि माझ्या डोक्यात पहिल्यांदा आला तो बोर्ड. त्यावर एक लिहावा लागणार हे आलं. आणि गाडी सोडली तर दुसरं कोणीतरी व्हॉल्व्ह खोलणार, आत पेनाची स्प्रिंग सापडणार, हेही आलं. तायडे त्यानंतर आला.

"दो मिनट, सर," मी म्हणालो. "रिटर्न पाइप दबाना है. चल पड़ेगी."

कॅप्टन साहेबांचं उत्तर आलं.

"दो मिनट. उससे ज़्यादा नहीं."

मग तायडे सेटवर मराठीत बोलला. सेटवर मराठी बोलायची परवानगी नसते.

"परब, स्प्रिंग बसली तुझी. बोल, काय करू?"

मी सांगितलं. को-ड्रायव्हरला पुढे पळव. बॉनेट उघड. पंपाच्या मागचा रबरी पाइप पक्कडीनं दाबून तारेनं आवळून टाक, म्हणजे डिझेल परत जाणार नाही. मग हँड प्रायमर वीस वेळा मार. मग सेल्फ.

"बरं," तो म्हणाला.

को-ड्रायव्हर पळत पुढच्या संत्र्याकडे पोचला. तायडे बंपरवर चढून बॉनेटमध्ये वाकला. 1040 ला कॅप्टन साहेब म्हणाले, टाइम. मी म्हणालो, एक मिनट, सर. 1041 ला तायडे केबिनपाशी आला, हँडसेट उचलला.

"बांधला. प्रायमर मारतो."

तो परत बॉनेटकडे गेला. 1042 ला शिट्टी वाजली. आधी बारीक दगड आले, मग पाण्याच्या पिंपाएवढा एक. तो गाडीच्या डाव्या कोपऱ्याला लागून खाली दरीत गेला. गाडीचा एक हेडलाइट फुटला, मडगार्ड चेपलं. तायडे तिथंच उभा होता.

मी पुढचं फार लिहिणार नाही. 1110 ला त्याला बाहेर आणलं. मेडिकलच्या माणसानं बघितलं आणि मान हलवली. 1130 ला डोंगर शांत झाल्यावर कॅप्टन साहेब म्हणाले, रस्ता मोकळा करायला पाहिजे. मी गेलो. रबरी पाइप दाबून तारेचे तीन वेढे दिले होते. नीटनेटकं काम. प्रायमर मारून पूर्ण झाला होता की नाही माहीत नाही. मी आणखी दहा वेळा मारला, केबिनमध्ये चढलो आणि सेल्फ दिला. पहिल्या सेल्फला गाडी चालू झाली. पूर्ण चढ तिनं व्यवस्थित ओढला. माझं निदान बरोबर होतं.

मला तेव्हा रडू आलं नाही. लोक विचारतात काय वाटलं. काही वाटलं नाही. गिअर बदलत होतो. आरशात बघत होतो. तेव्हापासून माझं बरंचसं तसंच आहे. बायको म्हणते, तुम्ही ऐकता पण पोचत नाही. तिचं बरोबर असेल.

त्या दिवशीही बोर्डावर व्हीओआर शून्य होता.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली. मला तीन प्रश्न विचारले. गाडी निघताना फिट होती का? येस सर. आदल्या दिवशी रोड टेस्ट झाली होती का? येस सर, लॉगबुकमध्ये सही आहे. पट्ट्यात थांबण्याचा निर्णय कोणाचा? मी उत्तर द्यायच्या आत कॅप्टन साहेबांनी सांगितलं की निर्णय त्यांचा स्वतःचा. त्यांनी तसं लिहूनही दिलं. मी त्यांना लिहू दिलं. पेनाचं कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. आठ दिवसांनी नवा व्हॉल्व्ह आला. जुना खोलला तर स्प्रिंगचे दोन तुकडे होते. मी ते नाल्यात टाकले.

त्याआधीच, मुंबईचा म्हणून, तायडेच्या शवपेटीबरोबर मलाच पाठवलं होतं. दहिसरला नदीच्या बाजूला त्यांची चाळ. गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. त्याचे वडील अप्पा, पाण्याच्या लाइनवर फिटर होते, तेव्हा नुकतेच रिटायर झालेले. तायडेची बायको वैशाली दारात उभी होती. सामानाचं सीलबंद पाकीट मी अप्पांच्या हातात दिलं, सही घेतली, सॅल्यूट केला. पाकिटात काय काय होतं ते मी बघितलं नव्हतं. अप्पांनी विचारलं, त्रास झाला का त्याला? मी म्हटलं नाही. ते खरं होतं. मग विचारलं, तू होतास का जवळ? मी म्हटलं, होतो. तेही खरं होतं.

त्याला आता नऊ वर्षं झाली. दर वर्षी त्या तारखेला मी दहिसरला जातो. अप्पांना जय भीम म्हणतो, फोटोला हार घालतो, वैशालीताई चहा देतात. अप्पा मला नावानं, दत्ता म्हणतात. शेजाऱ्यांना सांगतात, हा माझ्या मिलिंदचा दोस्त, शेवटपर्यंत बरोबर होता. मी चहा पितो आणि निघतो. दर वर्षी निघताना ठरवतो की पुढच्या वर्षी सांगायचं.

रिटायर झाल्यावर मी साकीनाक्याला एका गॅरेजमध्ये लागलो. जुन्या गाड्यांचं काम आता फार कमी लोकांना येतं, म्हणून मालक मला धरून आहे. गेल्या महिन्यात बुधवारी सकाळी एक पाण्याचा टँकर आला. जुनी गाडी, इंजिन तसलंच. ड्रायव्हर म्हणाला, चाचा, जेव्हीएलआर रोडच्या चढाला बंद पडते, थंड झाली की चालते. मला हात लावायची गरज नव्हती, तरी खोलून बघितलं. रिटर्न व्हॉल्व्हची स्प्रिंग गेलेली. नवा व्हॉल्व्ह दुसऱ्या दिवशी मिळणार होता. ड्रायव्हर मागेच लागला. अंधेरीला बिल्डिंगमध्ये पाणी नाही, सेक्रेटरी फोनवर फोन करतोय, काहीतरी जुगाड करा ना यार, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. मी खडू घेतला आणि टँकरच्या दरवाज्यावर मोठ्या अक्षरात व्हीओआर लिहिलं. मालकानं विचारलं हे काय. मी म्हटलं, गाडी उद्या जाईल. मालक म्हणाला, परब, गिऱ्हाईक जाईल. मी म्हटलं, जाऊ दे. ड्रायव्हर शिव्या घालत रिक्षा पकडून गेला.

गुरुवारी 1100 ला पार्ट आला. टाकीचा कॉक बंद केला. पंप डिझेलनं धुऊन पुसून घेतला, कारण त्या भोकात कचऱ्याचा एक कण गेला तरी पंपाची वाट लागते. रिटर्नचा पाइप सोडवला, खाली डबा लावला, जुना व्हॉल्व्ह काढला. नवा व्हॉल्व्ह, दोन्ही बाजूंना नवे तांब्याचे वॉशर. आधी हातानं आटे धरवले, मग पाना लावला. बेताचाच घट्ट, नाहीतर आटे जातात. कॉक उघडून प्रायमर मारत होतो तेवढ्यात मालकानं हाक मारली, परब, तुमच्याकडे पाहुणे.

अप्पा होते. सत्तरीला टेकलेले, हातात कापडी पिशवी. नऊ वर्षांत ते कधी माझ्याकडे आले नव्हते. मी हात पुसले, स्टूल दिलं, चहा सांगितला. त्यांनी सांगितलं की चाळीचं रिडेव्हलपमेंट अखेर ठरलं. बारा वर्षं मीटिंगा झाल्या, आता शनिवारी अ‍ॅग्रीमेंटच्या सह्या. खोली वैशालीच्या आणि नातीच्या नावावर होणार. मिलिंदची फार इच्छा होती की आईला संडास घरात पाहिजे. आई तर गेली, पण घर होतंय.

मग त्यांनी पिशवीतून रुमाल काढला आणि रुमालातून पेन.

मी ते लांबूनच ओळखलं. बटणाजवळ एक पोचा होता, तो आधीपासूनचाच.

"सही याच पेनानं करायची आहे," अप्पा म्हणाले. "दाबलं की राहत नाही. दोन दुकानांत दाखवलं, नवीन घ्या म्हणतात. म्हटलं दत्ता ट्रक नीट करतो, पेन काय चीज आहे."

मी पेन उघडलं. रिफिल सुकलेली, आत स्प्रिंग नाही. माझ्या पाठीमागे डब्यात पन्नास तरी स्प्रिंगा होत्या. मालकाच्या टेबलावरून एक पेन घेतलं, रिफिल त्यातली आणि स्प्रिंग डब्यातली मापाची बघून बसवली. एक मिनिट लागलं. बटण दाबलं, टक्क झालं. अप्पांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला बघवेना. त्यांनी माझ्या जॉब कार्डाच्या कोऱ्या बाजूला मिलिंद असं लिहून बघितलं.

"दगडानंच मोडली असेल नाही स्प्रिंग," ते म्हणाले.

हो म्हटलं असतं तर संपलं असतं. ते चहा पिऊन मेट्रोनं घरी गेले असते. शनिवारी सही झाली असती, आणि मी पुढच्या वर्षी परत हार घेऊन गेलो असतो. नऊ वर्षांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं, आणि ती भीती होती. हा म्हातारा मला परत दत्ता म्हणणार नाही, याची भीती.

"नाही अप्पा," मी म्हणालो. "ती मी काढली होती."

सगळं सांगितलं. अप्पा फिटर माणूस, व्हॉल्व्ह म्हटल्यावर जास्त समजवावं लागलं नाही. टँकरचा जुना व्हॉल्व्ह टेबलावरच होता, तो त्यांनी हातात घेतला, आत बोट घालून बघितलं. बोर्डाचं सांगितलं, रेडिओचं सांगितलं. शेवटी त्यांनी दोनच प्रश्न विचारले.

"दोन मिनिटं म्हणालास. किती झाली?"

"चार."

"सोड म्हणाला असतास तर आला असता तो चालत?"

"आला असता."

त्यांनी चहा तसाच ठेवला. पेनाचं तोंड फिरवून उघडलं, मी घातलेली स्प्रिंग बाहेर काढली आणि जुन्या व्हॉल्व्हच्या शेजारी ठेवली. पेन परत जोडलं, रुमालात गुंडाळलं, पिशवीत टाकलं. उठले. मी म्हटलं मेट्रोपर्यंत सोडतो. त्यांनी हातानंच नको केलं. गॅरेजच्या बाहेर टेम्पो आणि हातगाड्यांच्या मधून ते हळूहळू गेले. मी प्रायमरचं उरलेलं काम केलं. टँकर चालू करून पवईच्या चढावर दोनदा नेऊन आणला, चांगला तापवून. मग दरवाज्यावरचं व्हीओआर पुसलं.

शुक्रवारी फोन आला नाही. मी केलाही नाही. बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, हे आधी मला तरी सांगायचं होतंत. मी म्हटलं, हो, सांगायचं होतं.

शनिवारी सकाळी 0815 ला वैशालीताईंचा फोन आला. आवाज कोरडा होता. म्हणाल्या, अप्पांनी बोलावलंय, अकरा वाजता, आधार कार्ड घेऊन या. आधार कार्ड कशाला ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. विचारायचा मला हक्क वाटला नाही.

चाळीच्या पटांगणात मंडप घातला होता. टेबलावर बिल्डरच्या ऑफिसची माणसं, फायलींचे ढीग. तायडेंचा नंबर आला. अप्पांनी रुमालातून पेन काढलं. पहिल्याच पानावर रिफिल आत गेली. टेबलावरच्या माणसानं स्वतःचं पेन पुढे केलं. अप्पांनी घेतलं नाही. त्यांनी बटण अंगठ्यानं दाबून धरलं आणि प्रत्येक पानावर सही केली. एकवीस पानं. तीनदा थांबले. सह्या वाकड्या आल्या. तशा सह्या मी आधी बघितल्या होत्या, लॉगबुकमध्ये. वैशालीताईंनीही तशाच केल्या.

मग तो माणूस म्हणाला, दोन साक्षीदार. वैशालीताईंचा भाऊ पुढे झाला. अप्पा मागे वळले आणि त्यांनी मला शोधलं.

"दुसरा हा," ते म्हणाले.

मी पुढे गेलो. आधार कार्ड दिलं. अप्पांनी पेन माझ्या हातात दिलं, लगेच सोडलं मात्र नाही.

"राग आहे मला तुझा," ते म्हणाले, हळूच, मला ऐकू जाईल एवढंच. "तो जाणार नाही, दत्ता. सही कर."

मी बटण अंगठ्यानं दाबून धरलं. बरंच जोरात दाबावं लागतं. मला डोळ्यांपुढे नीट दिसत नव्हतं, तर त्या माणसानं कागदावर बोट ठेवून जागा दाखवली. त्याच्या बोटाच्या वर ओळ छापलेली होती. कै. नायक मिलिंद तायडे यांचे वारस, आणि खाली पत्ता. दहिसर पूर्व, मुंबई.

मुंबईच लिहिलं होतं. तो दीड वर्ष तेच म्हणत होता.